सगुणा इथून गेली

"हितूनच गेली हो आमची सगुणा," चहावाला म्हणाला आणि त्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे टिपले. "माझी पाठची भैन. त्यो समोरचा दगड दिसतोय न्हवं, त्याच्यावर उभी ऱ्हायली आन्..." पुढचं त्याने हातानेच दाखवलं. हात वरून खाली आला आणि दरीकडे वळून थोडा वेळ तसाच थांबला.

निशिगंधाच्या तोंडून "अरेरे" निघालं. फिरोजने भजी चघळणं थांबवलं. आजूबाजूच्या बाकड्यांवर दोघाचौघांनी डोळे पुसले. मी मात्र त्या माणसाच्या कानाकडे बघत होते. बोलता बोलता तो डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून खाली ओढायचा आणि सोडून द्यायचा. माझी आई अस्साच कान ओढते. कसलाही विचार पडला की ओढते. भाजीत मीठ घातलं की नाही, एवढं आठवायचं असलं तरी ओढते.

आणि माझ्या आईचं माहेरचं नाव सगुणा.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली असतील. फिरोज, निशिगंधा आणि मी चिपळूणला एकाच लॅबमध्ये कामाला होतो. दिवसभर लोकांची रक्तं तपासायची आणि रविवार आला की गाड्या काढून कुठेतरी जायचं, एवढीच आमची चैन. फिरोजची बुलेट होती. माझी गाडी साधी, पण गिअरची, आणि स्वतःच्या पगारातून घेतलेली. निशिगंधा कधी त्याच्या मागे, कधी माझ्या. त्या रविवारी फिरोजने बेत काढला, "घाट चढून बांगडी पॉइंटला जाऊ. मोबाईलवर बघितलं मी. कठड्याला नुसत्या हिरव्या बांगड्या. फोटो भन्नाट येतात."

घाट म्हणजे आमच्या घरासमोरचाच. आमच्या अंगणातून तो कडा सरळ दिसतो. आईचं माहेर त्या कड्यावरच्या वाडीत, हे मला माहीत होतं. माझे बाबा कुंभार. तरुणपणी ते वाडीच्या शाळेवर कौलं चढवायला वर गेले होते. आई त्या वाडीतल्या शेलारांची, मराठ्यांची. कौलं चढली, बाबा खाली आले आणि पाठोपाठ आई खाली आली. त्यानंतर वरच्यांनी संबंध तोडला. लग्नात सासरी तिचं नाव सुनंदा ठेवलं. सगुणा तिला एकटे बाबाच म्हणतात, तेही लाडात आले की.

आई वरच्यांबद्दल कधी वाकडं बोलली नाही. सरळही बोलली नाही. दोनच गोष्टींवरून मला कळायचं. शेजारपाजारच्या लग्नात नवरीला माहेरचा चुडा भरायला लागले की ती काहीतरी काम काढून आत जायची, कारण तिला चुडा भरला होता तो माझ्या आत्याने. माहेरचं काकणसुद्धा तिच्या हाताला लागलं नव्हतं. आणि भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. आईचा भाऊ वर धडधाकट होता, तरी ती दरवर्षी ताट घेऊन अंगणात यायची, कड्याकडे पाठ करून उभी राहायची आणि समुद्राच्या बाजूला टेकलेल्या त्या बारीकशा कोरेला ओवाळायची. मग बराच वेळ आत यायची नाही. एकदा भावाने बोलावलं असतं तर ती अनवाणी घाट चढून गेली असती, हे मला पोरवयातही कळत होतं.

त्या सकाळी मी गाडीला किक मारून ओरडले, "आई, जाते गं!"

"येते म्हणावं," आई आतून ओरडली. हेही नेहमीचंच. ती माझ्या लहानपणापासून ही एक गोष्ट सुधारायला बघतेय आणि मी सुधारत नाही. मग ती दारात आली. "वर चाललीस न्हवं? जा. पण वाडीत थांबू नगंस."

वाडीत आम्ही थांबलो नाही. पॉइंट वाडीच्या पुढे, थेट कड्यावर. तिथे चहाची टपरी, टपरीवर पत्र्याचा बोर्ड, बोर्डावर लाल अक्षरं. 'सगुणा कडा. प्रेमापायी सगुणा इथून गेली. बांगडी बांधा, जोडी जमवा.' त्याच्याखाली हिरव्या रंगात, 'गरम भजी, मक्याचं कणीस, लिंबू सरबत.'

म्हणजे भज्यांच्या वर माझी आई.

"कधी झालं हो हे?" निशिगंधा चहावाल्याला विचारत होती.

"लई वर्सं झाली ताई. तवा हितं ह्यो रस्ता बी न्हवता. पोरीचं मन बसलं एकावर. घरचे न्हाई म्हनले. पोर मानी हुती. पहाटंची उठली, हातभर हिरवा चुडा भरला आन् आली कड्यावर."

"चुडा कुणी भरला?" मी विचारलं.

"आँ?"

"घरचे नाही म्हणत होते ना? मग हातभर चुडा भरला कुणी तिला?"

त्याने कान ओढला. "तिचा तिनंच भरला असंल की."

"आणि ती सापडली का नंतर?"

"कुठली सापडतीय! खोली बघा की दरीची. येक चप्पल तेवढी घावली."

"कुठे आहे ती चप्पल?"

फिरोजने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चहावाला हसला. "ताई, तुमी पोलिसात हाय का?" सगळी बाकडी हसली. मघाशी डोळे पुसणारी माणसं आता दात काढत होती. मग त्यातल्याच दोघांनी बांगड्या घेतल्या आणि कठड्याकडे बांधायला गेले. तो चहावाला माझा मामा होता. सख्खा. जन्मात पहिल्यांदा त्याला पाहत होते. त्याच्या हातचा चहा मी तसाच खाली ठेवला.

मी उठले. गाडीची किल्ली काढली.

"कुठे निघालीस?" निशिगंधाने विचारलं.

"मढं आणायला."

दोघंही माझ्या मागे गाडीपाशी धावत आले. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. निशिगंधा डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे परवा मला घावणे खायला घातले त्या काकू?"

"त्याच. मेलेल्या."

"अगं, मग आत्ताच सांगून टाक ना त्याला तोंडावर," फिरोज म्हणाला.

"मी सांगितलं तर तो मला खोटं पाडेल. ती समोर उभी राहिली तर काय करेल? तुम्ही दोघं इथेच बसा. टपरी बंद करायला लागला तर आणखी भजी मागवा."

घाट मी कसा उतरले ते माझं मला ठाऊक. प्रत्येक वळणाला मी त्या माणसाला एकेक शिवी देत होते, आणि वळणं कमी पडली.

घरी दिवाळीची घाई चालली होती. अंगणभर पणत्या वाळत घातलेल्या. बाबा चाकावर होते, आई पाटावर बसून गेरूने पणत्यांच्या कडा रंगवत होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

"आई, तू मेलीस," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"तुझ्या भावानं."

तिचा हात थांबला. बाबांचं चाकही थांबलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोर्ड, बांगड्या, चप्पल, टॉवेलने पुसलेले डोळे, सगळं. आई आधी ऐकत राहिली आणि मग हसायला लागली. "उडी? मी? अगं, मला हिरीत वाकून बघवत न्हाई!" बाबाही हसले. मला मुळीच हसू येत नव्हतं.

मग तिचं हसू थांबलं. तिने लाल हाताने कान ओढला. "दादा दिसाय कसा झालाय गं? दात हायेत का?"

"आई! तो तुझ्या मरणावर भजी विकतोय आणि तू त्याचे दात विचारतेस?"

"केस?"

"टक्कल पडलंय."

"आबांना बी पडलं हुतं," ती स्वतःशीच म्हणाली.

मी तिला उठ म्हणाले. ती म्हणाली, पणत्या राहिल्यात, सण तोंडावर आलाय, आणि जाऊन म्हणायचं तरी काय? तेव्हा बाबा चाकावरून म्हणाले, "पणत्या मी रंगवतंय. तू जा गो सगुणा. जिवंत आहेस एवढाच सांगून ये."

आईने हात धुतले. गेरू काही नखांतून गेला नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली. आणि निघताना एका पिशवीत रंगवलेल्या पणत्या भरून घेतल्या.

"त्या कशाला?" मी खेकसले.

"माहेरला मोकळ्या हातानं जात्यात व्हय?"

मी तिला भांडायला नेत होते आणि ती माहेरी निघाली होती.

ती माझ्या मागे एका बाजूला पाय सोडून बसली, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने पिशवी पोटाशी धरलेली. घाट लागला तशी बोलायला लागली. ह्यो झरा आदी खालच्या अंगाला हुता. हितं आमची गुरं यायची. ही सडक कवा झाली गं? एका वळणावर तिने मला थांबायला लावलं आणि कड्याच्या पोटातली एक घळ दाखवली, करवंदीच्या जाळ्यांनी झाकलेली. "ती नाळ. त्या वाटंनं उतरले मी. चपला हातात घेतल्या हुत्या, घसराय हुतंय म्हून. उजाडायच्या आत तुझ्या बापापाशी पोचले." सांगताना तिचा आवाज असा होता, जणू तिने काहीतरी मोठं काम केलंय. तिने केलंच होतं.

आम्ही पोचलो तेव्हा टपरी गच्च भरली होती. फिरोज आणि निशिगंधा भज्यांनी बेजार होऊन एका बाकड्यावर बसले होते. मामाची गोष्ट रंगात आली होती. आई डोक्यावरून पदर घेऊन गर्दीच्या मागे उभी राहिली. आधी तिने बोर्ड वाचला, ओठ हलवत, अक्षर अक्षर. मग स्वतःचं मरण शांतपणे ऐकून घेतलं.

"...आन् येक चप्पल तेवढी घावली," मामा म्हणाला.

"दोनी चपला माझ्या हातात हुत्या," आई म्हणाली. "येक कशी घावंल?"

माणसं वळून बघायला लागली. मामाने मान वर केली. त्याचा हात कानाकडे गेला. इकडे आईचाही गेला.

"कोण तुमी?" मामा म्हणाला.

"वळखलं न्हाईस?"

"न्हाई बा."

"मग कान कशाला वढतुयास?"

मामाने हात खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. एक क्षणभर तर वाटलं की तो आता सगळं टाकून पुढे येईल. पण समोर बाकड्यांवर गिऱ्हाइकं होती. तो त्यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "आमची सगुणा गेली बाई. आमी आंघोळ केली तिच्या नावानं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे होणार तेवढ्यात आईने माझा दंड धरला.

"केलीस न्हवं आंघोळ? बेस केलंस," ती म्हणाली. "इतक्या वर्सांत सुतक बी फिटलं असंल मग. आता भैनीला च्या टाक."

दोनचार जण हसले. हा खेळाचाच भाग आहे असं काहींना वाटलं असावं, एकाने तर मोबाईल वर धरला. फिरोजने उठून त्याचा मोबाईल हाताने खाली केला. मामाने आईला खूण केली आणि टपरीच्या मागे नेलं, जिथे पिंप आणि लाकडं होती. मी अर्थातच मागोमाग गेले.

तिथे मामा रडला. हे रडणं टॉवेलचं नव्हतं. नाकातोंडातून पाणी येत होतं. "सगे, किती वाळलीस गं," म्हणाला. आईही रडली. आबा गेले, आई गेली, असं तो सांगत होता.

"मला कळवायचं न्हाई व्हय रे दादा? आईचं तरी?"

"कुनाला कळवनार? आबांनी घातली हुती शपथ. अंगनात सगळ्यांना बसवून डोक्यावर पानी घेतलं, म्हनले, पोरगी संपली. मग कुनी इचारलं सगुणा कुठं हाय, की आमी म्हनायचो, गेली. आंघोळ केली तिच्या नावानं."

"आणि उडी?" मी विचारलं. "ती कुणी मारली?"

मामाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आईकडे बघून "तुझी व्हय?" असं विचारलं आणि मग जमिनीकडे बघत म्हणाला, "रस्ता झाला, टुरिष्ट याया लागले. येकानं इचारलं, काका, ह्या जागंची काय गोष्ट? म्या म्हनलं, माझी भैन हितनं गेली. खरंच की! हितनंच गेली हुती, नाळंनं. त्यो म्हनला, अरारा, कशी गेली? म्या म्हनलं, प्रेमापायी. ते बी खरंच. त्यानं टोपी काढली, कड्याला नमस्कार केला. दुसऱ्या रईवारी धा जन घेऊन आला. म्या काय बी खोटं बोललो न्हाई पोरी. लोकांनीच..."

"आणि चप्पल?"

"ती मागनं आली," तो पुटपुटला.

"वाडीतल्या लोकांनी कुणी सांगितलं नाही, की ही बाई खाली जिवंत आहे?"

"वाडीला समदं ठाव हाय. पर त्यांची बी हॉटेलं झाल्यात आता."

अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. दर रविवारी अख्खी वाडी माझ्या आईला कड्यावरून लोटत होती आणि वर तिच्या नावाने हळहळत होती.

मामाने आईचे हात हातात घेतले. "सगे, जालं ते जालं. आता आबा बी न्हाईत. तू भाऊबीजेला ये. तुझी वयनी ताट करंल. जावयांना आन, हिला आन. घर तुझंच हाय." आईचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना. एवढं एक वाक्य ऐकायला ती इतकी वर्षं खाली बसली होती. मग मामा हळूच म्हणाला, "फकस्त हितं... हितं कड्यावर, गिऱ्हाइकापुढं तेवढी सगुणा होऊ नगंस. सांगायचं, कुनी बी पाव्हनी हाय. बोर्ड ऱ्हाऊ दे. तुला काय तरास हाय त्याचा?"

"म्हणजे घरात बहीण जिवंत आणि दुकानात मेलेली?" मी ओरडले.

"तसं न्हाई पोरी..."

"तसंच आहे! तेव्हा तुमच्या अब्रूसाठी मेली, आता तुमच्या भज्यांसाठी मरू दे?"

"तने, गप," आई मला म्हणाली.

आई खाली बघून कान ओढत होती. ती हो म्हणणार, याबद्दल मला शंका नव्हती. तिला माहेर हवं होतं. कुणीही, कसलीही अट घालून दिलं असतं तरी तिने घेतलं असतं. पिशवीतल्या पणत्या तिने अजून काढल्या नव्हत्या, पण तिचा हात पिशवीच्या तोंडाशी गेला होता.

तेवढ्यात पुढून हाक आली, "काका, बांगड्या आहेत का?"

मामा सवयीने पुढे गेला. एक जोडपं होतं, अगदी कोवळं, कॉलेजातलं असावं. मुलीच्या खांद्याला मोठी पर्स, मुलाच्या हातात दोघांची हेल्मेटं. मामाने दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्या काढून दिल्या. मुलगी म्हणाली, "काका, ती गोष्ट सांगा ना. आमच्या घरी पण नाहीच म्हणतायत." हे म्हणताना तिचा आवाज जरा फाटला. मग ती कठड्यावरून वाकून खाली दरीत बघत म्हणाली, "धीराची होती ना सगुणा?"

मामाने मागे वळून आईकडे बघितलं आणि त्या दोघांना दिसणार नाहीत असे छातीशी हात जोडले.

आईने त्या हातांकडे बघितलं. मग कठड्यावर वाकलेल्या मुलीकडे बघितलं. पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे गेली.

"लेकी, आदी मागं सर तिथनं," ती म्हणाली. मुलगी दचकून मागे झाली. "ह्या बांगड्या कुनाला?"

"सगुणाला. कठड्याला बांधायच्यात."

"कठड्याला कशाला? सगुणा हितं उभी हाय." आईने पदर खांद्यावर सारला आणि हात पुढे केला. "तिच्या हातात भर."

मुलीने मुलाकडे पाहिलं, मुलाने मामाकडे. "काका, ह्या काय म्हणतायत?" सगळी बाकडी मामाकडे बघत होती. मामा पातेल्याकडे बघत होता. चहा उतू गेला तरी त्याने तो खाली घेतला नाही.

"त्याला नगंस इचारू," आई म्हणाली. "मी गेले, ते खरं हाय. पर त्या तिथनं, नाळंनं, माझ्या पायानं चालत गेले. ज्याच्यासाठी गेले त्यो खाली पनत्या रंगवतोय. ही माझी लेक. उडी बिडी कुनी मारली न्हाई. तुमाला जायाचं आसंल तर वाटंनं जावा."

मुलीने दोरा सोडला आणि आईचा हात हातात घेतला. तिला बांगड्या भरता येत नव्हत्या. आईचा हात माती मळून मळून राठ झालेला, बोटं जाडी. मुलगी घाबरत घाबरत एकेक चढवत होती. एक तडकली.

"फुटली," ती रडवेली होऊन म्हणाली.

"वाढली म्हनावं," आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. दुसरी घे."

दोन्ही हात भरून झाले. आईने हात वर करून एकदा बांगड्या वाजवून पाहिल्या, लहान मुली बघतात तशा. मग मामाकडे वळली. मी लहान असल्यापासून जी गोष्ट माझ्या तोंडून निघाली की तिचा जीव खाली-वर व्हायचा, तीच ती आपल्या तोंडाने बोलली.

"जाते दादा."

"येते म्हन..." मामाच्या तोंडून सवयीने निघालं आणि तिथेच अडलं.

आईने ऐकलं. पण शब्द बदलला नाही. माझ्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, "चल, काढ गाडी. पनत्या ऱ्हायल्यात."

घाट उतरताना फिरोज आणि निशिगंधा आमच्या पुढे होते. प्रत्येक वळणाला आईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा आणि बांगड्या माझ्या कानाशी वाजायच्या. घरी आल्यावर तिने पिशवीतल्या पणत्या काढून पुन्हा बाकीच्या पणत्यांत मांडल्या.

तो बोर्ड उतरला असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने वाडीला ओळखलंच नाही. पुढच्या वर्षी निशिगंधा पाहुण्यांना घेऊन वर गेली होती. तिने येऊन सांगितलं की गोष्ट आता लांबली आहे. दिवाळीच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, सगुणा स्वतः कड्यावर येते म्हणे. एखाद्या भाग्यवान मुलीपुढे हात करते आणि बांगड्या भरून घेऊन नाळेत दिसेनाशी होते. मामाने हे डोळ्यांनी पाहिलंय, असं तो शपथेवर सांगतो. बांगड्यांचा खप वाढलाय. हे ऐकून मी हातातला पेला भिंतीवर फेकला होता. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आई वर जाऊन आली त्या वर्षी भाऊबीजेला वरून कुणी आलं नाही, खालून कुणी गेलं नाही. तिन्हीसांजेला आई ताट घेऊन अंगणात आली, कड्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने पुन्हा चंद्रालाच ओवाळलं. हातातल्या बांगड्या मात्र माहेरच्या होत्या.